१८८६ च्या बेन्झची प्रतिकृती: थोडं चालून बंद, थांबलं की पुन्हा चालू

सुट्टेभाग
मंडळी, बेन्झच्या तीनचाकी मोटारवॅगनची प्रतिकृती बांधली आहे. ९५४ सीसीचा एकच सिलिंडर, आडवं फ्लायव्हील, कॉइल-बॅटरीची ठिणगी. कार्ब्युरेटरही मूळच्यासारखाच, भांड्यातल्या पेट्रोलवरून हवा ओढून वाफ नेणारा. फ्लायव्हीलला हिसका दिला की लगेच सुरू होते आणि झकास चालते. जरा वेळाने ताकद कमी होते, मिसिंग सुरू होतं, हवेच्या नळीतून उलटी फटफट येते आणि बंद पडते. थोडं थांबलं की जणू काही झालंच नव्हतं. मला बॅटरीचा संशय आहे, कारण विश्रांती मिळाली की ती सावरते. पाणी पुरेसं आहे, तेलाचे थेंबही नीट पडतात. अजून काय बघू?

घणहातोडा
इनलेटच्या, म्हणजे मिश्रण आत घेणाऱ्या झडपेची स्प्रिंग बघा राव. ती झडप पिस्टनच्या ओढीनेच उघडते. स्प्रिंग तापून ढिली पडली की झडप नीट मिटत नाही, मग फटफट होणारच.

जुनी_चाकं
घणहातोडा, ते त्याच काळातल्या डाइमलर गाडीच्या इंजिनाचं झालं. बेन्झच्या या इंजिनात इनलेटला सरकती झडप आहे आणि ती इंजिनच हलवतं. ओढीने उघडणारी स्प्रिंगची झडप तिथे नाहीच.

सुट्टेभाग, बॅटरीवर एवढ्यात खापर फोडू नका. ‘थांबलं की सावरतं’ यावरून या गाडीत काहीच ठरत नाही, कारण तीन निरनिराळे दोष असेच सावरतात. दमलेली बॅटरी थांबल्यावर उभारी धरते. प्लगच्या इन्सुलेटरला बारीक तडा असेल, तर तो तापल्यावर ठिणगी खातो आणि निवला की शहाण्यासारखा वागतो. आणि तिसरा, माझ्या मते तुमचा खरा चोर, कार्ब्युरेटर. तो तापून नव्हे, गारठून बिघडतो.

पेट्रोलची वाफ होताना लागणारी उष्णता त्या भांड्यातल्या पेट्रोलमधूनच जाते. पेट्रोल गार पडतं, वाफ कमी निघते, हवेचं प्रमाण वाढतं. असं पातळ मिश्रण सावकाश जळतं, इनलेट पुन्हा उघडेपर्यंत आत धुमसत राहतं आणि जाळ नळीतून मागे येतो. तुमची ती उलटी फटफट हीच. नुसती ठिणगी चुकली तर सहसा ठोका गाळला जातो, किंवा न जळलेलं मिश्रण सायलेन्सरमध्ये फुटतं.

इंजिन ठसकायला लागलं की आधी कॉइलची गुणगुण ऐका. सुरुवातीसारखीच खणखणीत असेल तर बॅटरीला सोडून द्या. मग हवेची झडप किंचित मिटवा. इंजिन सावरलं तर निकाल लागलाच. बंद पडल्यावर भांड्याला हात लावून बघा. प्लगची शंका उरली तर इंजिन गरम असतानाच दुसरा गार प्लग बसवून सुरू करा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने गुण आला ते कळणार नाही. आणि उघड्या ठिणगीची परीक्षा त्या भांड्याजवळ अजिबात नको, तिथे हवेत वाफ असते.

एक प्रश्न: दुसऱ्या खेपेला पहिल्याइतकाच वेळ चालते का?

घणहातोडा
मान्य, डाइमलर डोक्यात होता. पण १८८८ मध्ये जर्मनीत मॅनहाइमहून फॉर्झहाइमला बेन्झचीच गाडी घेऊन निघालेल्या बेर्टाबाईंनी, म्हणजे ती बनवणाऱ्या कार्ल बेन्झच्या पत्नीने, तुंबलेली नळी टोपीच्या पिनेने मोकळी केली आणि ठिणगीच्या वायरीला मोज्याचा पट्टा गुंडाळला. इथे आपण कार्ब्युरेटरच्या थंडीतापाची चौकशी करतोय!

जुनी_चाकं
बाईंनी आधी दोष नेमका हेरला, पिन नंतर काढली. वाटेत इंधन म्हणून वीसलोखच्या औषधाच्या दुकानातून लायग्रॉइन घेतलं होतं. ते हलकं आणि चटकन उडणारं. अशा कार्ब्युरेटरला तसलंच लागतं.

सुट्टेभाग
भांड्यावर बाहेरून चक्क दव जमलं होतं. कॉइलची गुणगुण शेवटपर्यंत तशीच. हवा थोडी मिटवल्यावर इंजिन सावरलं. दुसऱ्या खेपेला मात्र लवकर बंद पडते, तिसऱ्याला त्याहून लवकर. पेट्रोल इथेनॉल मिसळलेलं आहे. आणि चढावर इंजिनाची गती पुढे नेणारा चामडी पट्टाही घसरतो, तो बदलू का?

जुनी_चाकं
खेपेगणिक वेळ कमी होतोय, म्हणजे दुखणं दुहेरी आहे. पेट्रोलमधले हलके घटक आधी उडतात आणि तळाशी जड, आळशी उरतं. ते थांबल्याने परत येत नाही. उरलेलं दर वेळी काढून टाका, वरून ताजं ओतून भागत नाही. इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलपेक्षा बरीच जास्त उष्णता लागते, म्हणून भांडं आणखी गारठतं. बिनइथेनॉलचं, हलकं इंधन मिळवा. भांड्यात जाणारी हवा एक्झॉस्टच्या नळीभोवतीच्या पत्र्याच्या आवरणातून ओढून कोमट करा. एक्झॉस्टचा वायू कुठेही आत शिरता कामा नये. पण त्याआधी, आजच, भांडं आणि इंजिन यांच्यामध्ये बारीक पितळी जाळीचे थर बसवा. मागे येणारा जाळ वाफेच्या भांड्यात पोचला तर गाडी गेली आणि तुम्हीही भाजाल. जाळी बसेपर्यंत इंजिनला हात लावू नका.

पट्टा इतक्यात बदलू नका. चामडं ताणतं, म्हणून आधी ताण बघा आणि पुलीवर तेल उडतंय का ते पाहा. तरीही चढावर घसरला तर उतरून ढकला. बेर्टाबाईंच्या मुलांनीही ढकललीच होती. चढासाठी जादा गिअर कार्ल बेन्झने त्या प्रवासानंतरच घातला.

सुट्टेभाग
जाळी कापायला घेतली आहे. पुलीवर तेल निघालं, क्रँकच्या बेअरिंगकडून उडतंय. त्याचा वेगळा धागा काढतो.