सही कुणाची, हसं कुणाचं

रिअ‍ॅलिटी शोवाल्यांनी एडिटिंग करून आपलं हसं केलं अशी तक्रार कुणी केली की लोक म्हणतात, ‘करारावर सही स्वतःच्या हाताने केली ना, मग आता रडता कशाला’. हे म्हणणं मला अर्धंच पटतं. मॅनेजर घेऊन बिग बॉसमध्ये जाणाऱ्याला पक्कं माहीत असतं की भांडलं की फुटेज मिळतं, त्याने नंतर एडिटिंगच्या नावाने गळा काढू नये. पण सही होते कशी तेही बघा जरा. लेकीला घेऊन गेले होते गोरेगावला, एका डान्स शोची ऑडिशन, पहाटे साडेपाचपासून लाइनीत, नंबर लागला दुपारी तीनला आणि आत सोडायच्या दोन मिनिटं आधी एक पोरगा सात-आठ पानी इंग्रजी फॉर्म वाटत आला. टेबल वगैरे काही नाही, मी पुढच्या बाईच्या पाठीवर कागद ठेवून सही केली, मग तिने माझ्या पाठीवर. फोटो काढून ठेवला होता तो परतीच्या ट्रेनमध्ये वाचला, तर चित्रण कसंही कापून-जोडून, कुठेही, कायमचं वापरायची परवानगी देऊन बसले होते! पोरगी नऊ वर्षांची. सही माझी, हसं झालं असतं तर तिचं.

जून 2019मध्ये माहिती-प्रसारण मंत्रालयाने चॅनेल्सना सूचना काढली होती, डान्स शोमध्ये लहान मुलांना मोठ्यांसारख्या अचकटविचकट स्टेप्स करायला लावू नका म्हणून. पण ती चॅनेल्सना. आयांना कोण विचारतंय, लिपस्टिक तर मीच लावून नेली होती की. सिलेक्शन झालं नाही, ती बोरिवलीपर्यंत फुगून बसली होती आणि मला मात्र हायसं वाटत होतं.