डबल बेस : तारा कुठल्या बसवू आणि पिकअप-अ‍ॅम्पचं काय करू? सल्ला हवाय

खर्जातली (पुणे)

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे पण वाचा आणि सांगा.

माझा डबल बेस (उभं राहून वाजवायचं, व्हायोलिनसारखं पण खूप मोठं खर्जाचं वाद्य) प्लायवुडचा, थ्री-फोर्थ साइझ, २०१९ मध्ये सेकंडहँड घेतला. तारा तेव्हाच्याच, स्टीलच्या आहेत, कंपनी कुठली ते देणाऱ्यालाही माहीत नव्हतं. दर शनिवारी एका हॉटेलात ट्रायोबरोबर वाजवते, पियानो, ड्रम्स आणि मी, त्यामुळे नव्वद टक्के काम बोटांचंच. पण डिसेंबर आला की चर्चच्या क्वायरबरोबर बो (गज) घेऊन उभी असते आणि तिथे खरी परीक्षा, कारण ई तारेवर (तारा जाडीकडून ई, ए, डी, जी) बो नुसता घसरतो, सूर उमटेपर्यंत क्वायर पुढे गेलेली असते. शिवाय दोन सेट वाजवून झाले की डावा हात मनगटापासून भरून येतो.

दुसरं दुखणं स्पीकरमधल्या आवाजाचं. पिकअप (वाद्याचा कंप पकडून त्याचा विजेचा सिग्नल करणारा) म्हणजे पिएझोची एक चकती आहे, घोडीजवळ (तारा जिच्यावर टेकतात ती) डबल टेपने चिकटवलेली आणि तिची वायर थेट हॉटेलच्या मिक्सरमध्ये. घरी नुसता वाजवला की तो खर्ज अक्षरशः पोटात जाणवतो, आणि तोच स्पीकरमधून आला की पत्र्याच्या डब्यावर रबर ताणून छेडावं तसा. साउंडवाल्याने मिक्सरवरचं बेसचं (खर्जाचं) बटण पूर्ण फिरवलं की जी तारेवरचा ए वाजवला रे वाजवला की हूऽऽ सुरू. गेल्या शनिवारी शेवटी वायर काढून टाकली, ड्रमरने माझ्यासाठी ब्रश घेतले, तरी तिसऱ्या टेबलापलीकडे काही पोचत नव्हतं. घरी येऊन खूप वाईट वाटलं.

बजेट सगळं मिळून ६०-७० हजार. तारा आधी घेऊ, पिकअप आधी की सरळ चांगला अ‍ॅम्प?

बो_आणि_बोटं (मुंबई)

ताई, सगळ्यात आधी पट्टी घ्या. फिंगरबोर्ड (ज्यावर तारा दाबतो ते लांब लाकूड) जिथे संपतो तिथे तार आणि लाकूड यांच्यात किती अंतर आहे ते मोजा. स्टीलच्या तारांना जी खाली ५-६ मिलिमीटर आणि ई खाली ८-९ असेल तर ठीक म्हणायचं, त्याच्या बरंच वर असेल तर व्हिएन्नाहून तार मागवा नाहीतर अमेरिकेहून, हात भरून येणारच. प्रत्येक तारेवर साधारण २५ ते ३० किलोचा ताण असतो, ती दिवसभर दाबायची म्हणजे दोन मिलिमीटरचाही फरक पडतो.

आता तारा. थोमास्टिकच्या स्पिरोकोर म्हणजे जाझवाल्यांचं पहिलं प्रेम, सूर लांब टिकतो, गुरगुरतो, आणि सेट वर्षानुवर्षं चालतो. पण नवीन असताना झणझणतात आणि बो-ला दाद देत नाहीत, खास करून ई. पिरास्त्रोच्या ओब्लिगातो आणि एव्हा पिराझी यांचा गाभा सिंथेटिक, हाताला जरा आतड्याच्या तारेसारख्या मऊ, बो पटकन धरतात, महाग मात्र आहेत. फ्लेक्सोकोर घेतली तर ऑर्केस्ट्रात सुख, पण बोटांनी वाजवताना सूर लवकर बसतो. तुमचं काम नव्वद-दहा आहे आणि ते दहा टक्के तुम्हाला इतकं छळतंय, तर मी डॅडारिओची हेलिकोर हायब्रिड म्हणेन, हात दुखतोय म्हणून लाइट. ती बो आणि बोटं दोन्हीला नीट बोलते आणि एव्हापेक्षा बरीच स्वस्त पडते.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. तारा एकेक करून बदला. एक काढा, नवीन लावा, सुरात आणा, मग दुसरी. मी पहिल्यांदा चारही एकदम काढल्या, घोडी आडवी झाली आणि आतून टक् असा आवाज आला, साउंडपोस्ट (पेटीच्या आत उभी असलेली लाकडी काठी) पडली होती. ती उभी करून देणारा माणूस मिळेपर्यंत १७ दिवस बेस कोपऱ्यात होता आणि मधला एक कार्यक्रम दुसऱ्याला द्यावा लागला. तार चढवण्याआधी घोडीच्या आणि वरच्या नटच्या (फिंगरबोर्डच्या वरच्या टोकाची पट्टी) खाचेत शिसपेन्सिल घासा म्हणजे तार अडत नाही. आणि चढवताना दर दोन-तीन पिळांनंतर घोडीकडे बघा, तारेबरोबर ती फिंगरबोर्डकडे झुकत येते, तिला दोन्ही हातांनी धरून परत उभी करायची, पाय लाकडावर सपाट टेकलेले हवेत.

ठाणेकर_साउंड

मी बेस वाजवत नाही, पण लाइव्ह साउंड बरीच वर्षं करतोय म्हणून तुमच्या दुसऱ्या दुखण्याबद्दल लिहितो.

अ‍ॅम्प घेऊ नका, निदान आत्ता नको. तुमचा खर्ज जातोय तो चकती आणि मिक्सर यांच्या मधे जातोय. पिएझो हा विजेच्या भाषेत एक छोटा कपॅसिटर आहे, त्याला पुढचं यंत्र अगदी थोडा करंट खेचणारं लागतं, म्हणजे इनपुट इम्पीडन्स (करंटला होणारा अडथळा) किमान १ मेगाओहम, १० असेल तर उत्तम. मिक्सरचा लाइन इनपुट साधारण १० ते ५० किलोओहम, माइकचा तर त्याहून कितीतरी खाली. तिथे पिएझो लावला की आपोआप हाय-पास फिल्टर तयार होतो आणि खालचं सगळं कापलं जातं. तुमची उघडी ई ४१ हर्ट्झला आहे, ए ५५ ला, ती मिक्सरपर्यंत पोचतच नाही, पोचतो फक्त वरचा टणटणाट. मग साउंडवाला बेसचं बटण फिरवतो, म्हणजे जे आलंच नाही ते वाढवायला बघतो आणि वाढतो फक्त तो १०० हर्ट्झच्या वरचा पट्टा, जिथे बेसची पोकळ पेटी स्वतःच थरथरायला तयार असते. जी तारेवरचा ए म्हणजे ११० हर्ट्झ. हूऽऽ तिथूनच येतो.

उपाय म्हणजे मधे प्रीअ‍ॅम्प, पिकअप आणि मिक्सर यांच्यामधली छोटी पेटी. नवीन घेण्याआधी ओळखीतल्या अकूस्टिक गिटारवाल्यांना विचारा, कुणाकडे तरी एल आर बॅग्सचा पॅरा अकूस्टिक डीआय नावाचा प्रीअ‍ॅम्प नक्की असेल. त्याचा इनपुट १० मेगाओहमचा आहे, फेज (सिग्नलच्या लहरीची दिशा) उलटायचं बटण आहे आणि नॉच, म्हणजे एकच अरुंद पट्टा कापणारं बटण, आहे. एका शनिवारसाठी मागून आणा. हूऽऽ आला की आधी फेज उलटून बघा, बऱ्याचदा तेवढ्यानेच तो जागा सोडतो, नाहीतर नॉच फिरवत त्या सुरापर्यंत न्या आणि तेवढंच कापा. मिक्सरवर लो-कट असेल तर साउंडवाल्याला चालू करायला सांगा, ४० च्या खाली तुमच्या कामाचं काही नाही, स्टेजवरच्या पावलांचा आणि घोडीवर बसणाऱ्या धक्क्यांचा धडधडाट असतो आणि स्पीकरचा पडदा तोच हलवण्यात दमतो.

आणि स्पीकर तुमच्या पाठीमागून बेसच्या पेटीवर रोखलेला नसावा. बाजूला घ्या, कोपऱ्यातून बाहेर काढा.

मांडवीकाठ (पणजी)

छान चर्चा चाललीय. आमच्या शेजारी एक अंकल राहायचे, मुंबईत हॉटेलच्या बँडमध्ये आणि सिनेमाच्या रेकॉर्डिंगला बेस वाजवून म्हातारपणी गोव्यात परत आलेले. गोव्याचे कितीतरी वादक तेव्हा मुंबईच्या स्टुडिओंत होते. अंकलच्या बेसवर वरच्या दोन तारा आतड्याच्या होत्या. लहानपणी मी त्या तारेला हात लावला होता तो अजून आठवतो, जाड, कोरडी, सुतळीसारखी, आणि छेडली की सूर उठायचा आणि लगेच विझायचा, तबल्याच्या डग्ग्यासारखा. अंकल म्हणायचे पावसाळ्यात ही तार सकाळी एक आणि संध्याकाळी एक बोलते. म्हणून गोवा-मुंबईच्या हवेत आतड्याच्या तारा घ्यायच्या तर फार जीव लावावा लागेल, मी नको म्हणेन.

अवांतर : अँपेग या अ‍ॅम्प बनवणाऱ्या कंपनीचं नाव बेसच्या याच अडचणीतून आलंय. एव्हरेट हल नावाच्या बेसवाल्याने १९४० च्या दशकात बेसच्या खालच्या पायात, म्हणजे एंडपिनमध्ये, माइक बसवून तो पेटीच्या आत घातला, त्या अँप्लिफाइड पेगचं (पेग म्हणजे खुंटी) झालं अँपेग. तुमची तक्रार बेसवाल्यांची फार जुनी आहे, मन खट्टू करू नका.

न्यूजर्सीकर_बेस

बो_आणि_बोटं यांच्याशी थोडा असहमत. प्लायवुडच्या बेसला मुळात सूर टिकवायची ताकद कमी असते, ती कमतरता स्पिरोकोर भरून काढते, हेलिकोर तेवढी नाही. त्यातली मिटल (मध्यम ताणाची) ऐवजी वाइश घ्यायची, जर्मनमध्ये वाइश म्हणजे मऊ, ताण कमी, हाताला सोपी. माझ्या प्लायवुडच्या बेसवर तोच सेट चौथ्या वर्षात आहे आणि आता बोसुद्धा धरतो, आधीची झणझण गेल्यावर. आणि सगळे एकच तार वाजवतात असंही नाही, जाझचा नामवंत बेसवादक रॉन कार्टर वर्षानुवर्षं ला बेलाच्या काळ्या नायलॉनने गुंडाळलेल्या तारा वाजवतोय, त्याचा आवाज आठवा.

कुठलीही घ्या, पण ऑनलाइन मागवताना पाकिटावरचं नीट वाचा. सोलो ट्यूनिंगचे सेट वेगळे असतात, ते एक सूर वर लावायला बनवलेले, नेहमीच्या सुराला लावले की ढिले पडतात. माझ्या एका मित्राला तेच आले आणि परत पाठवण्याचा खर्च परवडेना. ३/४ चाच सेट आहे ना तेही बघा.

बो_आणि_बोटं (मुंबई)

वाइशचं म्हणणं पटतं, आणि ताई फक्त जाझ वाजवत असत्या तर मीही तेच म्हटलं असतं. पण ती झणझण जायला लागणारे महिने आणि पुढचा डिसेंबर यांचा हिशेब बसत नाही म्हणून हायब्रिड.

खर्जातली (पुणे)

सगळ्यांचे मनापासून आभार, काय काय झालं ते सांगते.

मोजलं. जी खाली ९ आणि ई खाली १३! घोडीला अ‍ॅडजस्टर नव्हतेच. कॅम्पात व्हायोलिन दुरुस्त करणारे एक काका आहेत, त्यांच्याकडे रिक्षात बेस आडवा घालून नेला. त्यांनी घोडीचे पाय कापून मधे अ‍ॅल्युमिनियमची चाकं बसवली आणि आता जी ६, ई ९ आहे. चाकं फिरवून उंची बदलता येते, ते म्हणाले पावसाळ्यात वरची फळी फुगते आणि तारा उचलल्या जातात, तेव्हा अर्धा फेरा खाली घ्यायचा आणि उन्हाळ्यात परत वर. जुन्याच तारांवर परवा दोन तास वाजवलं, मनगट दुखलं नाही.

आणि शनिवारी प्रीअ‍ॅम्प लावून बघितला, आमच्या एका गिटारवाल्या मित्राचा, ठाणेकर दादांनी सांगितला तोच निघाला. चकती तीच, टेप तीच, मिक्सर तोच. उघडी ई छेडली आणि पियानोवाल्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं. पाच वर्षांत पहिल्यांदा त्या हॉटेलात माझा बेस माझ्यासारखा वाजला, खरंच डोळ्यात पाणी आलं. हूऽऽ दुसऱ्या सेटमध्ये आला, फेज उलटली, गेला.

हेलिकोर हायब्रिड लाइट मागवल्यात, पाकिटावर काय लिहिलंय ते तीनदा वाचून. बोसाठी रोझिन (गजाला घासायची राळ) पॉप्सचं आहे पण ते एप्रिलमध्ये डबीत वितळून एका बाजूला वाहिलं होतं, त्याचं काही करता येतं का? आणि आता चकती काढून नीट पिकअप घ्यायचा तर रिअलिस्ट की फिशमन फुल सर्कल? अ‍ॅम्पचा विचार सध्या सोडलाय.

बो_आणि_बोटं (मुंबई)

वाचून फार बरं वाटलं!

पॉप्स मऊच असतं, आपल्या उन्हाळ्यात ते वाहणारच. डबी सपाट ठेवा, बेसच्या बॅगेच्या खिशात उभी नको आणि गाडीत तर अजिबात नको. मार्च ते जूनसाठी एखादं कडक रोझिन वेगळं ठेवा, मी तसंच करतो.

पिकअपचं म्हणाल तर रिअलिस्ट घोडीच्या पायाखाली बसतो, ई च्या बाजूच्या, आवाज गडद आणि लाकडाचा, पण ड्रम्सबरोबर कधी कधी गुबगुबीत होतो. फुल सर्कल म्हणजे अ‍ॅडजस्टरचं चाकच पिकअप असतं, ते काढून हे बसवायचं, आवाज जास्त स्पष्ट. तुमच्याकडे आता चाकं आहेत आणि ड्रम्सपण आहेत, म्हणजे फुल सर्कल. फक्त मागवण्याआधी काकांना विचारा स्क्रू किती जाडीचा बसवलाय, तो वेगवेगळ्या मापांत येतो आणि चुकीचा आला तर घोडीत जाणारच नाही.

ठाणेकर_साउंड

चर्चमध्ये बो वाजवताना शक्य असेल तर पिकअप बंदच ठेवा, पिएझोवर बो खरखरीत ऐकू येतो. एफ-होलपासून (पेटीवरच्या f आकाराच्या भोकापासून) फूटभर अंतरावर एक साधा माइक द्या, तिथे ड्रम्स नाहीत त्यामुळे हूऽऽ ची भीती कमी.

आणि तो डीआय ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो किंवा मिक्सरच्या फँटमवर (मिक्सर केबलमधून देतो त्या विजेवर). हॉटेलच्या मिक्सरवर फँटम चालू आहे का ते दर शनिवारी आधी विचारा, आणि तरीही एक नवी बॅटरी खिशात ठेवा. बॅटरी उतरायला लागली की आवाज आधी फाटतो आणि मग जातो, आणि तेव्हा तुम्ही परत चकतीलाच दोष द्याल.