शाळेच्या उपाहारगृहासाठी पोषणाचे निकष कसे ठरवावेत?

विचारणा – पालक, जुळे सोलापूर

सर्वांना नमस्कार. माझी मुलगी सातवीत आहे. तिच्या शाळेतील उपाहारगृहाचा करार यंदा नव्याने व्हायचा असून त्याच्या अटींचा मसुदा करण्याचे काम पालक-शिक्षक संघाने आम्हा तिघा-चौघांकडे सोपवले आहे. जुन्या करारात अन्नाविषयी एकच ओळ आहे: "पदार्थ ताजे, स्वच्छ व पौष्टिक असावेत." याच ओळीच्या आधारे आजवर समोसा, क्रीमरोल, तिखट-मीठ लावलेल्या नळ्यांची पाकिटे आणि रंगीत सरबते विकली गेली. कोणालाही हरकत घेता आली नाही, कारण समोसा ताजाही होता आणि स्वच्छही.

नियम नाहीत असे नाही. राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने मे 2017 मध्ये चिप्स, नूडल्स, शीतपेये यांसारखे पदार्थ शाळांच्या उपाहारगृहांत विकण्यास मनाई केली. पुढे भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचे 2020 चे विनियम 1 जुलै 2021 पासून लागू झाले. त्यांनुसार संपृक्त स्निग्धांश (तूप-लोण्यात जास्त असणारी चरबी), ट्रान्स फॅट (मुख्यतः वनस्पती तुपात आढळणारी घातक चरबी), वरून घातलेली साखर किंवा सोडियम (मिठातील घटक) जास्त असलेले पदार्थ शाळेच्या उपाहारगृहात आणि फाटकापासून 50 मीटरच्या आत विद्यार्थ्यांना विकता येत नाहीत. हे "जास्त" करारात कसे मांडावे, हा माझा प्रश्न आहे. पदार्थांची नावे लिहावीत की आकडे? आणि आकडे लिहायचे तर कोणते?

उत्तर 1 – आहारतज्ज्ञ, सात रस्ता

आकडे लिहावेत, आणि ते शंभर ग्रॅममागे न लिहिता मुलाच्या हातात पडणाऱ्या एका नगाला किंवा एका प्लेटला लिहावेत. केवळ नावांची यादी केली, तर तोच पदार्थ वेगळ्या नावाने महिन्याभरात परत येतो.

अमेरिकेतील शाळांमध्ये जेवणाव्यतिरिक्त विकल्या जाणाऱ्या पदार्थांना 2014-15 या शैक्षणिक वर्षापासून असे निकष लागू आहेत. किरकोळ खाऊला 200 किलोकॅलरी आणि 200 मिलिग्रॅम सोडियम, पोटभरीच्या पदार्थाला 350 किलोकॅलरी आणि 480 मिलिग्रॅम सोडियम, आणि साखर वजनाच्या 35 टक्क्यांपर्यंत, अशा त्या मर्यादा आहेत. सोडियमचा आकडा आपण जवळजवळ तसाच घ्यावा, असे माझे मत आहे. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला 5 ग्रॅम मीठ, म्हणजे सुमारे 2,000 मिलिग्रॅम सोडियम, ही मर्यादा सांगितली आहे आणि मुलांसाठी ती आणखी कमी आहे. त्यातील मोठा वाटा मधल्या सुट्टीतच संपू नये.

मात्र एकूण स्निग्धांश कॅलरींच्या 35 टक्क्यांपेक्षा जास्त नसावा, ही तिकडची अट सोलापुरात घेऊ नये. शेंगदाण्याचे जवळपास निम्मे वजन तेलाचे असते, त्यामुळे या अटीवर शेंगदाण्याचा लाडू नापास होईल. त्याच शेंगदाण्यात शंभर ग्रॅममागे सुमारे 25 ग्रॅम प्रथिने असतात आणि आपल्या मुलांना परवडणारा प्रथिनांचा तो सर्वांत सोपा स्रोत आहे. (नुसत्या शेंगदाण्यांना तिकडेही या अटीतून सूट आहे.) स्निग्धांशाची अट संपृक्त स्निग्धांशापुरती आणि तळणीपुरती ठेवावी. साखरेची अट मात्र गुळालाही लावावी. दाणे आणि गूळ समसमान घेतलेला लाडू तिच्यात बसणार नाही. दोन भाग दाणे आणि एक भाग गूळ घेतला तर बसेल.

उत्तर 2 – महिला बचत गट, अक्कलकोट रोड

आमचा गट एका शाळेचे उपाहारगृह चालवतो, म्हणून करणाऱ्याच्या बाजूने लिहिते. डॉक्टरांच्या भाषेतील आकडे आम्हाला अवघड वाटतात, पण ते मापात बसवून दिले तर पाळता येतात. आम्ही एक किलो ज्वारीच्या पिठात 10 ग्रॅम मीठ घालतो आणि त्याचे वीस धपाटे करतो. म्हणजे एका धपाट्यात अर्धा ग्रॅम मीठ, म्हणजेच साधारण 200 मिलिग्रॅम सोडियम होते. दोन धपाटे आणि दही दिले तर पोटभरीच्या पदार्थाच्या सोडियमच्या मर्यादेत बसते, पण वर शेंगा चटणी सढळ हाताने वाढली की मर्यादा ओलांडली जाते. म्हणून चटणीसाठी छोटा चमचा ठरवून घेतला आहे. तव्यावरचे असल्यामुळे तेलही बेताचे लागते.

ताई, तुमच्या मसुद्यात एक गोष्ट राहू नये. उपाहारगृह सर्वांत जास्त भाडे देणाऱ्याला दिले, तर पोषणाची कोणतीही अट टिकत नाही. पाकिटाला गॅस लागत नाही, मदतनीस लागत नाही आणि ते नासत नाही. धपाट्याला पहाटेपासून तीन बाया लागतात. भाडे वाढले की चालवणारा आपसूक पाकिटांकडे वळतो. त्यामुळे भाडे नाममात्र ठेवून, पदार्थांची वजने आणि दर पाहून निवड करावी, अशी विनंती आहे.

उत्तर 3 – निवृत्त मुख्याध्यापक, विडी घरकुल

आकड्यांना माझा विरोध नाही, पण फाटकावर उभ्या राहणाऱ्या शिपायाला सोडियम दिसत नाही. म्हणून आकड्यांबरोबर दहा-बारा मनाई असलेल्या पदार्थांची नावेही करारात असावीत आणि ती भिंतीवर लावावीत. तळणीचे तेल हा वेगळा विषय आहे. सकाळच्या कढईत दुपारी नवे तेल ओतून तेच काळपट तेल पुन्हा तापवले जाते, हे मी अनेक वर्षे पाहिले आहे. एकदा तळलेले तेल पुन्हा तळणीला वापरू नये, असे स्पष्ट लिहावे.

फाटकाबाहेरच्या गाडेवाल्यांना हुसकावून लावण्याची गरज नाही. आमच्या भागातील अनेक आया दिवसभर विड्या वळतात आणि मुलाच्या हातात डब्याऐवजी पाच-दहा रुपये देतात. त्या पैशात फाटकापाशी काय मिळते, यावर त्या मुलाचे दुपारचे खाणे ठरते. पेरू, बोरे, उकडलेल्या शेंगा, हुरडा यांना 50 मीटरच्या नियमाची आडकाठी नाही. गाडेवाल्यांना बोलावून हे समजावून सांगितल्यास बरेचजण माल बदलतात.

विचारणाऱ्या पालकांकडून

सर्वांचे मनापासून आभार. मसुद्यात आता प्रत्येक पदार्थाचे नगाचे वजन आणि त्यातील मीठ, साखर व गूळ यांचे प्रमाण ग्रॅममध्ये लिहीत आहोत. मनाईची यादी आणि तेलाची अट स्वतंत्र जोडत आहोत. भाड्याबाबत संस्थेचे मन वळवावे लागेल, त्यासाठी पुढच्या सभेत बचत गटाच्या ताईंचा हिशेबच मांडणार आहे. दर महिन्याला दोन पालकांनी न कळवता जाऊन पाच-सहा नगांचे वजन करावे आणि मीठ-गुळाचा खप वहीत नोंदवावा, असे कलमही सुचवले आहे. अशी वही कोणी आधीच ठेवत असल्यास तिचा नमुना कृपया येथे द्यावा.