मदत हवी आहे: १९५१ च्या शेवरोले पिकअपचा हौदा केबिनशी जुळत नाही

मंडळी, घरची १९५१ ची शेवरोले ३१०० पिकअप पुन्हा उभी करतोय. इंजिन चालू आहे, ब्रेक झाले, केबिनचा रंगही झाला. हौदा बसवायला घेतला आणि तिथे घोडं अडलं.

थोडी पार्श्वभूमी. गाडी सासऱ्यांच्या काकांची. भाऊच्या धक्क्यावरून मासळी आणि बर्फ वाहायची. खारं पाणी वर्षानुवर्षं हौद्यात झिरपत राहिलं, त्यामुळे केबिन ठणठणीत आणि हौद्याची चाळण, अशी अवस्था होती. मधल्या काळात कोणीतरी मूळ हौदा काढून टेम्पोसारखा पत्र्याचा डबा बसवला होता, तो भंगारात दिला. आता दोन्ही बाजू, पुढची भिंत, फाळका, खालच्या आडव्या चॅनेल आणि फळ्यांमधल्या लोखंडी पट्ट्या असा नवा संच अमेरिकेहून मागवलाय. फळ्या इथेच रे रोडला सागाच्या कापून घेतल्या.

अडचण अशी. हौदा चासीवर ठेवला की डाव्या बाजूला केबिन आणि हौद्याची पुढची भिंत यांच्यातली फट वरपासून खालपर्यंत सारखी दिसते. उजवीकडे, म्हणजे ड्रायव्हरच्या बाजूला, खाली पाऊण इंच आणि वर जेमतेम तीन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). वर घासू नये म्हणून डेंटरने अख्खा हौदा थोडा मागे ओढला. आता चासीवरची भोकं आणि चॅनेलची भोकं जुळेनात, बोल्ट अर्धा आत जाऊन अडतो. त्यात भर म्हणजे मागचं चाक मडगार्डच्या कमानीत मधोमध न दिसता पुढे सरकल्यासारखं दिसतंय, आणि फूटबोर्ड व मागचं मडगार्ड यांच्या सांध्यात बोट जाईल एवढी फट पडली आहे.

डेंटर म्हणतो, "साहेब, गॅस लावून भोकं लांबवतो, दहा मिनिटांचं काम आहे." सुताराचं मत वेगळं. उजवीकडे खाली पॅकिंग घातलं की भिंत आपोआप मागे झुकेल आणि वरची फट उघडेल, असं तो म्हणतो. मला चासीला गॅस लावायचाच नाही. एक तर जीव होत नाही. दुसरं, २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या गाडीला 'व्हीए' (व्हिंटेज) मालिकेचा नंबर घ्यायचा तर चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला चालत नाही. तिथे नसती भानगड नको.

तर माझा प्रश्न: हौदा बसवताना प्रमाण कशाला धरायचं? केबिनच्या फटीला, चासीच्या भोकांना की मागच्या चाकाला? आणि नवा संचच वाकडा आला असेल तर ते कसं ओळखायचं?

प्रतिसाद: खटारावाला

आधी त्या डेंटरच्या हातातला गॅस काढून घ्या. तुमच्या गाडीत पेट्रोलची टाकी सीटच्या मागे, केबिनच्या आत उभी असते. १९४९ पासून शेवरोलेने ती तिथे नेली. हौद्याची पुढची भिंत आणि ती टाकी यांच्यात केबिनचा एक पत्रा, बस्स. टाकी भरलेली असताना त्या भागात ठिणगी उडवणाऱ्या माणसाला मी गाडीच्या आसपास फिरकू देणार नाही.

आता प्रमाणाचं. फट ही सगळ्यात शेवटी बघायची गोष्ट आहे. या गाडीत मागची मडगार्डं हौद्याच्या बाजूंना बोल्टने जोडलेली असतात, म्हणजे हौदा जाईल तिकडे मडगार्ड जाणार. चाक मात्र स्प्रिंगच्या पाट्यांवर आहे, ते हौद्याचं ऐकत नाही. म्हणून पहिलं माप चाकाचं. गाडी चारही चाकांवर उभी हवी. जॅकवर असेल तर पाटे लोंबतात आणि सगळी मापं खोटी येतात. पुढच्या हबच्या मध्यापासून मागच्या हबच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंना टेप लावा, पुढची चाकं अगदी सरळ ठेवून. ३१०० चा व्हीलबेस ११६ इंच. दोन्हीकडे तेवढा आला तर धुरा जागेवर आहे, पाट्यांना दोष देऊ नका. एका बाजूला कमी आला तर हौद्याला हातच लावू नका, आधी पाट्याचा सेंटर बोल्ट त्याच्या खाचेत बसलाय का ते बघा.

मग चासीचे कर्ण. चासीवरच्या समोरासमोरच्या भोकांची एक जोडी पुढे आणि एक मागे धरून चारही भोकांतून ओळंबा सोडायचा, लादीवर खडूने खूण करायची, गाडी ढकलून बाजूला घ्यायची आणि खुणांवर तिरकी दोरी धरायची. अंगावर पडून माप घेण्यापेक्षा हे फार सोपं आणि खरं. दोन्ही कर्ण सारखे आले तर चासी तिरकी सरकलेली नाही. हौद्याचेही कर्ण तसेच, पण फळ्या आणि पट्ट्या ढिल्या असताना. एकदा बोल्ट आवळले की चौकट जशी असेल तशी गोठते.

प्रतिसाद: परळचा पेंटर

मला हौद्यापेक्षा केबिनचा संशय येतोय. डावीकडे फट सरळ, उजवीकडे वर कमी, म्हणजे केबिनचं उजवं वरचं टोक मागे झुकलंय. केबिनचे मागचे आधार रबर बुशवर असतात. सत्तर वर्षं ड्रायव्हर त्याच बाजूने चढला-उतरला की तिथलं रबर बसतं. केबिनची उंची आणि लांबी जवळपास सारखीच असल्यामुळे खाली मागचा कोपरा तीन सूत बसला की वरचं टोक साधारण तेवढंच मागे येतं. तुमचे पाऊण इंच आणि तीन सूत यांच्यातला फरक तीन सूतच आहे, बघा.

पडताळणी सोपी आहे. बॉनेटची मागची कड आणि केबिन यांच्यातली फट दोन्ही बाजूंना वर बघा. उजवीकडे जास्त उघडी दिसली तर प्रश्न संपला. शिवाय केबिनचा मागचा खालचा कोपरा आणि चासीचा वरचा पृष्ठभाग यांच्यातली उंची दोन्हीकडे मोजा. केबिनचा रंग आधी करून टाकलाय त्यामुळे उचलताना जपा, जॅकवर लाकडाचा ठोकळा आणि वर गोणपाट घ्या.

सुताराचं पॅकिंग अजिबात नको. वाकड्या केबिनला हौदा वाकडा करून जुळवला तर फाळका तिरका होतो आणि बंद करताना एका बाजूने लाथ मारावी लागते.

प्रतिसाद: सुतारपक्षी

सुताराच्या बाजूने कोणी बोलत नाही म्हणून लिहितो! पॅकिंग मूळ गाडीतही असतं, फक्त ते झुकवायला नसतं. हौदा आणि चासी यांच्यात लाकडी ठोकळे येतात. चासी रस्त्यावर पिळते आणि पिळायलाच हवी, म्हणूनच केबिन आणि हौदा वेगवेगळे ठेवलेले आहेत. लोखंडावर लोखंड आवळलं तर आपल्या सायन-पनवेलच्या खड्ड्यांत चॅनेल करकरायला लागते आणि बोल्टपाशी तडे जातात. ठोकळे एकाच जाडीचे करा, त्यांची डोकी, म्हणजे कापलेली टोकं, तेल पाजून बंद करा. पाणी लाकडात शिरतं ते डोक्याकडूनच.

फळ्या मोजा. १९५१ सालाच्या मध्येच शेवरोलेने हौद्याच्या नऊ फळ्यांवरून आठ फळ्या केल्या. तुमचा संच आठचा आणि पुढची भिंत नऊची, असं आलं असेल तर पट्ट्यांची भोकं जन्मात जुळणार नाहीत. आणि बाजूंची वरची कड उतरती आहे की आडवी? १९५४ ला ती आडवी झाली. आडवी दिसली तर संच १९५४ किंवा नंतरच्या गाडीचा आहे.

फळ्या आत्ता उन्हाळ्यात एकमेकींना चिकटवून बसवू नका. जूनमध्ये साग फुगला की पट्टी उचलली जाते. बोल्ट दोन फळ्यांच्या मधून जातो आणि पट्टी दोन्हींच्या कडा दाबून धरते, त्यामुळे मधली जागा झाकलेलीच राहते. मोकळी ठेवली तर कोणाला दिसणार आहे?

धागाकर्ता:

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. रविवारी मेव्हण्याला घेऊन मापं घेतली.

व्हीलबेस दोन्हीकडे ११६. चासीचे कर्ण सारखे. हौद्याच्या बाजूंची कड उतरती आहे, फळ्या आठ आणि पुढच्या भिंतीची भोकंही आठच्या हिशोबानेच, म्हणजे संच निर्दोष. बॉनेटची फट उजवीकडे उघडी, आणि केबिनचा उजवा मागचा कोपरा डाव्यापेक्षा साडेतीन सूत खाली. पेंटरदादा, तुमचं निदान अचूक.

उजवा बुश काढला तर रबर नव्हतंच. काळा भुगा होता आणि मधली लोखंडी नळी एका बाजूने झिजून अंड्यासारखी झालेली. कुर्ल्याला सीएसटी रोडला जुन्या मालाच्या दुकानदाराने नमुना बघितला आणि तयार तुकडा नाही म्हणून लेथवाल्याकडे पाठवलं. त्याने नळी आणि रबर दोन्ही बाजूंसाठी नवीन करून दिलं. डावा बरा दिसत होता तरी बदलला, नाहीतर पुन्हा एक बाजू उंच.

केबिन सरळ झाल्यावर हौदा पुढे घेतला. चारही कोपऱ्यांचे बोल्ट हाताने फिरवत खाली उतरले, पान्याची गरज पडली नाही. फूटबोर्डचा सांधाही बंद झाला. डेंटर बराच वेळ भोकांकडे बघत उभा होता, मग म्हणाला, "मी तेच सांगत होतो."

आता दोन शंका. हौदा लाकडी ठोकळ्यांवर आला आणि मागचा एक दिवा मिणमिणतोय, दुसरा लागतच नाही. आधी पत्र्याच्या डब्यावर दोन्ही छान लागत होते. बल्ब तपासले, ठीक आहेत. दुसरं, फाळका उघडल्यावर साखळ्यांवर तो किती खाली यायला हवा?

प्रतिसाद: खटारावाला

दिवे: अर्थिंग मिळत नाही. लाकूड, नवा रंग, रबर, सगळं मध्ये आल्यावर हौदा चासीपासून तुटला. त्यात तुमची वायरिंग मूळची ६ व्होल्टची असेल तर जरा अडथळा आला तरी दिवा मंद होतो. आडव्या चॅनेलच्या खालच्या बाजूला रुपयाएवढा रंग खरवडा, तिथून चासीपर्यंत जाड वेणीची वायर न्या, दोन्ही टोकांना दातेरी वायसर आणि वर ग्रीस. दिव्याच्या ब्रॅकेटपाशीही रंग काढा. १२ व्होल्ट केलं असेल तरी हे करावंच लागेल.

फाळका: फळ्यांच्या पातळीत आला पाहिजे. साखळीच्या कड्या दोन्ही बाजूंना मोजून सारख्या ठेवा आणि माप घेताना फाळक्यावर माणूस बसवा, रिकाम्या फाळक्यावर घेतलेलं माप नंतर खाली जातं.

धागाकर्ता:

अर्थिंग दिलं, दोन्ही दिवे लागले. साखळी मेव्हण्याला बसवून मोजली; एक कडी डावीकडे जास्त आली होती, ती काढली. आता एवढंच सांगा, आडव्या चॅनेलच्या आतल्या बाजूला, जिथे ब्रश पोचत नाही तिथे, पावसाळ्याआधी काय मारू? मेण की जुनं इंजिन ऑइल? ऑइल स्वस्त आहे, पण खालून ठिबकलं तर आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी गाडीसकट मला बाहेर काढतील.