गेटवर अडवलेली माणसं : ठाणे-नवी मुंबईतले तुमचे अनुभव लिहा

महापालिकेच्या प्रचारात आमच्या भागातल्या सभा ऐकताना एक गोष्ट सारखी खुपत राहिली. पाणी, कचरा, शाळा, दवाखाना यावर वक्ता मिनिटभर बोलायचा आणि मग गाडी ठरलेल्या वळणावर यायची. 'ते' आले आहेत, 'ते' वाढले आहेत, घरं सांभाळा, लेकीबाळी सांभाळा. हे 'ते' सभेगणिक बदलायचे. कधी परप्रांतीय, कधी एका धर्माचे, कधी झोपडपट्टीवाले, कधी फेरीवाले. पण असायचे बहुतेक वेळा गरीबच.

अशा भीतीचं टोक महाराष्ट्राने पाहिलं आहे. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून ठार मारलं. भिक्षा मागत फिरणारी माणसं होती ती. एप्रिल २०२० मध्ये पालघरच्या गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर अशाच अफवेने गेले. त्या टोकाला आपण जात नाही म्हणून आपल्याला बरं वाटतं. पण हीच भीती रोजच्या, सभ्य रूपात आपल्या गेटवर, लिफ्टमध्ये आणि सोसायटीच्या ग्रुपवर वावरते. ज्याच्याकडे संशयाने बघायची सवय लागते, त्याची भूक, त्याचं आजारपण, त्याचं गळकं छप्पर आपल्याला दिसेनासं होतं. मतं मागणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. अशा माणसाला पाणी दिलं नाही, घर दिलं नाही, तरी त्याच्या बाजूने जाब विचारायला कोणी येणार नसतं.

यावर आपापलं म्हणणं प्रत्येकाकडे आहे, म्हणून इथे मत नको, घडलेलं लिहा. माणसाचं किंवा सोसायटीचं नाव नको, भाग कळला तरी पुरे.
(ठाणे पश्चिम)

दिघा, सिक्युरिटीत नोकरी

मी मूळचा परभणीकडचा. एजन्सीचा गार्ड आहे, मंडळाचा नाही. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो, १९८१ च्या कायद्याने सुरक्षा रक्षक मंडळं झाली. तिथे नोंद असली की पगार आणि पीएफ मंडळामार्फत येतो. एजन्सीत बरंच काही साहेबाच्या मर्जीवर. ड्यूटी बारा तासांची, रिलीव्हर आला नाही तर तसंच पुढे उभं राहायचं.

माझं काम काय, तर गरीब माणूस ओळखायचा आणि थांबवायचा. असं कोणी लिहून देत नाही, पण नवीन गार्डला ते लवकर कळतं. मोठी गाडी आली की बूम, म्हणजे गेटचा आडवा दांडा, वर. काच खाली करा म्हटलं तर तक्रार होते. पायी आलेला, पिशवी घेतलेला, घामाने भिजलेला माणूस असला की नाव, नंबर, फोटो, कुणाकडे, कशाला. कामाला येणाऱ्या बायकांच्या पिशव्या जाताना बघायच्या. एक मावशी मी न सांगताच डबा उघडून पुढे करायच्या. आत कधी उरलेली भाजी, कधी दोन चपात्या. त्या आमच्याच वस्तीतल्या. त्यांच्या नळाला आणि आमच्या नळाला एकाच वेळी पाणी येतं. झाकण लागेपर्यंत मी रस्त्याकडे बघत राहायचो.

रात्री ग्रुपवर कुणी टाकलं की वस्तीतली पोरं भिंतीवरून आत आली, की मला फोनवर फोन. जाऊन बघितलं तर बहुतेक वेळा बॉल शोधणारी पोरं असतात. ते मी ग्रुपवर सांगू शकत नाही, कारण मी ग्रुपवर नाही.

तुर्भे स्टोअर

माझी आई वाशीत घरकाम करते. गेटच्या ॲपवर तिचा फोटो आहे, आधार आहे, पोलीस पडताळणी झाली आहे. याबद्दल तिची तक्रार नाही. तक्रार आहे ती ताऱ्यांची. ॲपमध्ये तिच्या कामाला तारे देतात. गावी सुतक होतं म्हणून ती राहिली, तर एका घराने दोनच तारे दिले. पुढचं काम मागायला गेली तेव्हा त्या बाईंनी मोबाइल बघितला आणि दारातूनच नको म्हणाल्या. पगार थकवणाऱ्या, कप फुटला म्हणून पैसे कापणाऱ्या घराला आईने तारे द्यायची सोय त्या ॲपमध्ये नाही.

महाराष्ट्रात २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. आईची नोंदणी करायला मी कागद जमवले. आमच्याकडे काम करते, एवढा दाखला मालकिणीकडून हवा होता. ज्या घरात तिच्या हातात किल्ली असते, पोर तिच्या अंगाखांद्यावर वाढलं, त्याच घराने सही दिली नाही. म्हणाल्या, "उद्या आमच्यावर काही क्लेम केलास तर?" रागाने नाही बोलल्या, खरंच घाबरून बोलल्या. कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं होतं की या बायका युनियन करतात, केस करतात. शेवटी दुसऱ्या घरच्या आजींनी सही दिली. त्या आजी अंथरुणावर असतात, आई त्यांची वेणी घालते.

खारघर

हा धागा एका बाजूने चालला आहे असं वाटतं म्हणून लिहिते. सकाळी फिरायला गेले असताना बाइकवरच्या दोघांनी माझं मंगळसूत्र खेचलं. मानेवर वळ कितीतरी दिवस होता. ही भीती मला कोणत्याही पुढाऱ्याने शिकवलेली नाही. आमच्या सेक्टरमध्ये लोकांनी फेरीवाले हटवा म्हणून सह्या केल्या, त्यात माझीही सही होती. गर्दी, अनोळखी चेहरे, कोण कुठून आलं कळत नाही. माझं काय चुकलं?

ठाणे पश्चिम (धागा मांडणारी)

ताई, तुम्ही लिहिलंत हे बरं झालं, असे अनुभवही इथे हवेत. चोर पकडलाच पाहिजे आणि सकाळी बाईमाणसाला निर्धास्त फिरता आलंच पाहिजे. मला एवढंच विचारायचं आहे की त्या घटनेनंतर रस्त्यावरचे दिवे लागले का, गस्त वाढली का, की नुसत्या फेरीवाल्यांच्या गाड्या उचलल्या? २०१४ चा पथविक्रेता कायदा सांगतो की सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रं देईपर्यंत कोणत्याही विक्रेत्याला उठवायचं नाही. नगर पथविक्रेता समितीत विक्रेत्यांचे निवडून आलेले प्रतिनिधीही असायला हवेत.

खारघर

दिव्यांचा अर्ज अजून पडून आहे. गाड्या मात्र लगेच गेल्या. कोपऱ्यावर पहाटेपासून इडलीची गाडी लावणारे काका होते, तेही गेले. खरं सांगायचं तर त्या वेळी त्या रस्त्यावर तेवढेच एक ओळखीचे होते. तरीही मला बाहेर पडताना भीती वाटते, तीही खोटी नाही.

मुंब्रा

आमचं मूळ रत्नागिरी जिल्ह्यात. १९९२-९३ च्या दंगलीनंतर मुंबईतून जी कुटुंबं इकडे आली त्यातलं एक आमचं. अब्बांनी भायखळ्याची खोली मिळेल त्या भावात विकली. पत्त्यामुळे मुलाखतीत चेहरे बदलतात, रिक्षावाले यायला कुरकुरतात. त्यावर पुष्कळ लिहिता येईल, पण आज मला वेगळं सांगायचं आहे.

आमच्या मागच्या गल्लीत पश्चिम बंगालचे गवंडी आणि बिगारी राहतात. एका खोलीत सात-आठ जण, पाळीपाळीने झोपतात. त्यातल्या एकाने मला त्याची फाइल दाखवली. जाड प्लॅस्टिकमध्ये आधार, मतदार कार्ड, शाळेचा दाखला, वडिलांचं रेशन कार्ड, ग्रामपंचायतीचं पत्र. साइटवर जाताना थापी आणि लेव्हलच्या पिशवीत ही फाइलही असते. कारण जून २०२५ मध्ये मिरा रोडला काम करणाऱ्या मुर्शिदाबादच्या एका गवंड्याला बांगलादेशी म्हणून पकडून सीमेपलीकडे धाडलं आणि तो भारतीय असल्याचं निघाल्यावर परत आणावं लागलं. त्याच्याकडेही कागद होतेच.

आता या भीतीचा भाव बघा. कामाचे पैसे राहिले होते म्हणून हा मुकादमाकडे गेला. मुकादम शांतपणे म्हणाला, "जास्त बोलू नकोस, चौकीत नाव सांगायला मला एक फोन लागतो." हा परत आला. पैसे बुडाले. मी म्हटलं, चल, कामगार खात्यात तक्रार करू, मी येतो सोबत. त्याने हात जोडले. म्हणाला, भाई, सरकारी दारात मला नेऊ नका.

ज्याने ती मजुरी बुडवली तो मुकादम आणि त्याच्या वरचा बिल्डर कोणाला भीतिदायक वाटत नाही. त्यांच्यावर सभा होत नाहीत. ४ एप्रिल २०१३ ला इथून जवळच, शीळच्या लकी कंपाउंडमधली अनधिकृत इमारत कोसळली. ७४ माणसं मेली. बांधकाम चालू असतानाच त्यात माणसं राहायला ठेवली होती, मजुरांची बायकापोरं होती. तेव्हा आम्ही ढिगाऱ्याकडे धावलो होतो. कोणी कोणाची फाइल मागितली नव्हती.

कोपरखैरणे, निवृत्त माथाडी

वरच्या भावाचं वाचून लिहायला बसलो. नातीला सांगतो, ती टाइप करते.

आम्ही साताऱ्यातल्या जावळीकडची माणसं. मुंबईत मशीद बंदरला शंभर किलोची गोणी पाठीवर घेऊन फळीवरून ट्रकात चढायचं. रात्री दुकानाच्या पायरीवर निजायचं. दुकानदाराचा माल कमी भरला की पहिला संशय हमालावर. आमची झडती व्हायची, धोतर सोडायला लावायचे. अण्णासाहेब पाटलांनी आम्हाला एकत्र केलं आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. अंगमेहनतीच्या कामगाराला मंडळ, ठरलेली मजुरी, भविष्य निर्वाह निधी मिळाला. पुढे बाजार तुर्भ्याला आला, आम्ही कोपरखैरणे-घणसोलीला घरं केली. पोरं शिकली.

तो कायदा विधिमंडळात पास झाला तेव्हा तिथे बसलेले काही हमाल नव्हते. पण हमालाच्या पाठीवर काय ओझं आहे ते त्यांना ऐकून घ्यावंसं वाटलं. आज मार्केटात आमच्या जागी बिहार-यूपीची पोरं बिननोंदीची वाराई, म्हणजे माल चढवणं-उतरवणं, करतात. आमच्याच माणसांची मुलं म्हणतात, या भय्यांनी वाट लावली. मी म्हणतो, त्यांना तुमच्या टोळीत घ्या, त्यांचं नाव मंडळात घाला, म्हणजे स्वस्तात राबायला व्यापाऱ्याला कुणी उरणार नाही. घरात यावर भांडण होतं. धाकटा मुलगा तर माझ्याशी या विषयावर बोलत नाही.

कळवा, शिक्षिका

थोडक्यात लिहिते. शिक्षण हक्क कायद्याने (आरटीई) गरीब घरांतल्या मुलांसाठी राखलेल्या २५ टक्के जागांवर आमच्या शाळेत रिक्षाचालक, धुणीभांडी करणाऱ्या, नाका कामगार अशा पालकांची मुलं येतात. पालकसभेत एका वडिलांनी अदबीने विचारलं, "त्या मुलांची तुकडी वेगळी करता येईल का? भाषा बिघडते, आणि सुरक्षेचाही प्रश्न आहे." सहा वर्षांच्या मुलांपासून सुरक्षा. टाळ्या वाजल्या नाहीत, पण विरोधही कोणी केला नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने सरकारी शाळेच्या एक किलोमीटरच्या आतल्या खासगी शाळांना या जागांतून सूट दिली, तेव्हा स्टाफरूममध्ये सुटकेचा सूर होता. जुलैत उच्च न्यायालयाने ती दुरुस्ती रद्द केली म्हणून मुलं पुन्हा आली. त्यातली एक मुलगी यंदा वर्गात सगळ्यात सुंदर मराठी वाचते, तिची आई जांभळी नाक्यावर लिंबं विकते.

माजिवडा

मे २०२० मध्ये नाशिक हायवेवरून चालत निघालेल्यांना आमच्या बिल्डिंगने पोळी-भाजी, चपला, ओआरएस दिलं होतं. कोण कुठला ते विचारलं नव्हतं. म्हणजे माया आटली आहे असं मला वाटत नाही. पण त्याच उन्हाळ्यात, त्याच बिल्डिंगने घरकाम करणाऱ्या बायकांना 'रोग आणतील' म्हणून बंदी केली आणि बऱ्याच घरांनी त्या महिन्यांचा पगारही दिला नाही. वाटेवरचा अनोळखी मजूर निघून जाणार होता. रोजची बाई राहणार होती, तिचा हिशोब द्यावा लागणार होता.

घोडबंदर रोड, सोसायटीच्या कमिटीवर

दिघ्याच्या दादांचं वाचून आमच्याकडचं सांगतो. आमच्याकडे जादा कॅमेऱ्यांचा खर्च एका बैठकीत, चहा यायच्या आत मंजूर झाला. गार्ड आणि कामवाल्या बायकांसाठी संडास बांधायचा विषय मात्र सभेमागून सभा लांबणीवर. बायका सकाळी सातला येतात, दुपारी दोनला जातात, आणि एवढ्या टॉवरमध्ये त्यांना जायला जागा नाही. पाणीच कमी पितात. आमच्याकडच्या बाईंना लघवीचा संसर्ग झाला, तेव्हा माझ्या बायकोला हे कळलं.

हरकती काय आल्या ते लिहितो, दुसऱ्या कमिट्यांना उपयोगी पडेल. पहिली, "बाहेरचे लोक वापरतील." दुसरी, "तिथे अड्डा होईल." तिसरी, "फ्लॅटची किंमत पडेल." पैसे नाहीत असं एकानेही म्हटलं नाही. मग माझ्या बायकोने एक केलं. सभेत प्रत्येक मजल्यावरची एक बाई उभी राहिली आणि आपल्याकडे काम करणारीचं नाव, ती कुठून येते आणि किती वर्षं येते एवढंच तिने सांगितलं. ज्यांनी अड्डा म्हटलं होतं त्यांच्या घरी बारा वर्षं तीच बाई होती, आणि आडनाव सांगताना ते अडखळले. ठराव झाला. पार्किंगमागे दोन संडास बांधले, आतून कडी, बादली, दिवा. साफसफाईची पाळी सोसायटीच्या हाउसकीपिंगकडे आहे, बायकांवर टाकलेली नाही. अड्डा झालेला नाही.

लिफ्ट अजून वेगळीच आहे. 'सर्व्हिस स्टाफ' लिहिलेली ती एकच, आणि ती बंद पडली की बायका जिने चढतात. तो विषय पुढच्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर लेखी घेतला आहे. खारघरच्या ताईंना सांगायचं आहे की दिव्यांच्या अर्जाची पोचपावती नसेल तर आधी ती घ्या, आणि दुसरा अर्ज त्या इडलीवाल्या काकांसाठी करा. मसुदा हवा असेल तर पाठवतो.