प्रतिसाद: रण हे आटलेलं सरोवर नव्हे

वर एका प्रतिसादात कच्छच्या मोठ्या रणाला 'आटलेलं खारं सरोवर' म्हटलंय. मला ते पटत नाही. रण हा अरबी समुद्राचा उथळ फाटा होता. नद्यांनी आणलेल्या गाळाने तो भरत गेला आणि भूकंपांनी जमीन थोडीथोडी वर उचलली. आजही बराचसा भाग समुद्रसपाटीपेक्षा जेमतेम काही मीटरच उंच आहे. म्हणून पावसाळ्यात नैऋत्येचा वारा कोरी खाडीतून समुद्राचं पाणी आत लोटतो, दुसरीकडून लुणी नदी पावसाचं पाणी आणते, आणि सगळं पुन्हा पाण्याखाली जातं.

स्थानिक लोक खडीर, पच्छम यांना अजून 'बेट'च म्हणतात. हडप्पाकालीन शहर धोलावीरा याच खडीर बेटावर आहे. मला तर हा सगळ्यात सुंदर पुरावा वाटतो.

जमीन वर येण्याऐवजी खचण्याचा उलट प्रकारही घडलाय. १६ जून १८१९ च्या भूकंपात सिंदरी किल्ल्याचा परिसर खचून पाण्याखाली गेला, तर उत्तरेला सुमारे ८० किलोमीटर लांबीचा उंचवटा वर आला. माणसाने न बांधलेला, म्हणून तो 'अल्लाह बंद', म्हणजे देवाचा बांध!

हे झालं अलीकडचं. गाळाखालचं खोलगट खोरं ज्युरासिक काळातलं, गोंडवन हा प्राचीन महाखंड फुटताना तयार झालेलं. भुजच्या आसपासच्या टेकड्यांत मेंढ्याच्या शिंगासारखे वळलेले अमोनाइट, म्हणजे नामशेष समुद्री जीवांचे जीवाश्म, सापडतात.

जाणार असाल तर मिठाचा पापुद्रा टाचेने फोडून बघा. खाली वाळू नाही, काळसर ओला चिखल लागतो.