राग तोच, पण शेरा माणसागणिक वेगळा का?

प्रश्न:
आमच्या विभागाच्या वार्षिक मूल्यमापनाचे शेरे यंदा मला लिहायचे आहेत. जुने शेरे वाचताना एक गोष्ट खटकली. दिलेली मुदत अवास्तव असल्याचे बैठकीत चढ्या आवाजात सांगणाऱ्या तिशीतल्या पुरुष सहकाऱ्याबद्दल ‘कामाविषयी तळमळ आहे’ असे लिहिले आहे, तर त्याच बैठकीत तोच आक्षेप त्याच सुरात घेणाऱ्या पन्नाशीच्या बाईंबद्दल ‘स्वभाव चिडचिडा, बदल स्वीकारणे जड जाते’ असे. शेऱ्यात भावनांचा विचारच करू नये का?

प्रतिसाद १:
हा फरक संशोधनातही आढळला आहे. व्हिक्टोरिया ब्रेस्कॉल आणि एरिक उलमन यांच्या २००८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, कामाच्या ठिकाणी रागावलेल्या पुरुषाला लोकांनी अधिक मान दिला आणि स्त्रीला कमी. शिवाय पुरुषाच्या रागाचे कारण परिस्थितीत शोधले, तर स्त्रीच्या रागाचे तिच्या स्वभावात. मला हा दुसरा भाग अधिक गंभीर वाटतो, कारण राग एकदा स्वभावाच्या खात्यावर जमा झाला की मुदत खरोखर अवास्तव होती का, हे तपासण्याची गरज कोणालाच उरत नाही. विशेषण गाळा, आक्षेप काय होता आणि पुढे तो खरा ठरला का, एवढे लिहा.

प्रतिसाद २:
‘बदल जड जातो’ हा शेरा वयावरून आलेला दिसतो. थॉमस एन्ग आणि डॅनियल फेल्डमन यांनी २०१२ मध्ये वयस्क कर्मचाऱ्यांविषयीचे सहा रूढ समज अनेक अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून तपासले, तेव्हा प्रशिक्षणाविषयीची काहीशी कमी उत्सुकता हा एकच समज पुराव्याला टिकला. त्यातही, वयामुळे प्रशिक्षणाला कोणाला बोलावलेच जात नव्हते का, हे पाहायला हवे.

प्रतिसाद ३:
भावना पूर्णपणे वगळण्याला माझा विरोध आहे. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ मध्ये हवाई सेविकांच्या कामाच्या आधारे दाखवून दिले की, मनात काहीही असले तरी चेहऱ्यावर ठरावीक भाव राखणे हेदेखील पगारी श्रमच असतात. संतापलेल्या ग्राहकाचा फोन तुमच्याकडे शेवटी कोणाच्या टेबलावर वळवला जातो? ते काम त्या व्यक्तीच्या मूल्यमापनात कुठे नोंदवले आहे का?

प्रश्नकर्ती:
असे फोन त्याच बाईंकडे वळवले जातात आणि त्यांच्या शेऱ्यात त्याचा एका शब्दानेही उल्लेख नाही. आमच्या मूल्यमापनाच्या नमुन्यात यासाठी रकानाच नाही, म्हणून यंदा मी ‘इतर जबाबदाऱ्या’ या रकान्यात ते सविस्तर लिहिणार आहे आणि नवा रकाना जोडण्याची मागणीही मनुष्यबळ विभागाकडे लेखी करणार आहे. कोणी असा रकाना केला असल्यास त्याची शब्दरचना कृपया कळवावी.